पायडल थांबले तरी पुढे जाणारी सायकल

विजेवर चालणारी माउंटन सायकल विकत घेऊन मला अकरा महिने झाले. या काळात ती धुळ्याहून नकाणे तलावाकडे जाणाऱ्या सकाळच्या रस्त्यावर, लळिंगच्या डोंगराच्या पायथ्याच्या पाऊलवाटांवर आणि एकदा थेट तोरणमाळला, अशी मिळून सुमारे २,१०० किलोमीटर चालली. मोटर किती ताकदीची, बॅटरी किती टिकते, वेग किती मिळतो, हे दुकानात भरपूर सांगितले जाते. परंतु ज्या वाटेने गुराखी, सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेतलेल्या बायका, फिरायला निघालेली मंडळी आणि शेळ्या एकत्र जातात त्या वाटेवर ही सायकल कशी वागते, हे मला विकत घेण्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्याच अंगाने लिहीत आहे. कंपनीचे नाव मी घेत नाही. माझी एक तक्रार त्यांच्याकडे अजून पडून आहे, आणि शिवाय पुढे जे दोष येतील ते या किमतीच्या अनेक गाड्यांत थोड्याफार फरकाने सापडतील असे आहेत.

गाडीची माहिती आधी उरकतो. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, २५० वॅटची मोटर आहे. बॅटरी ३६ व्होल्टची आणि ७.६५ अँपिअर-तासांची, म्हणजे हिशेबाने सुमारे २७५ वॅट-तासांची आहे. मागे सात गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आणि हँडलवर, मोटर पायडलला किती साथ देते त्याच्या पाच पायऱ्या दाखवणारा छोटा डिस्प्ले आहे. वजन २३ किलो भरते. मला ती सर्व धरून ३८,००० रुपयांच्या आसपास पडली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येप्रमाणे मोटर २५० वॅटच्या आतली असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिची साथ तुटत असेल, तर तपासणी झालेली अशी गाडी मोटार वाहन धरली जात नाही. त्यामुळे तिला नंबर प्लेट लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. दुकानातल्या मुलाने डिलिव्हरीच्या वेळीच हळूच विचारले होते की, "काका, लिमिट काढून देऊ का? पस्तीसपर्यंत पळेल." ते लिमिट काढले की गाडी त्या व्याख्येतून बाहेर पडते आणि विनानोंदणी मोटार वाहन होते, हे त्याला ठाऊक नव्हते किंवा त्याला त्याचे काही वाटत नव्हते. मी नको म्हटले. पाऊलवाटेवर पंचवीससुद्धा जास्तच होतात.

ज्या शब्दावर या गाड्या विकल्या जातात तो ‘ट्रेल’ हा शब्द खानदेशात जरा फसवा आहे. अमेरिकेत किंवा युरोपात ट्रेल म्हणजे बहुतेक वेळा लोकांनी सुट्टीच्या दिवशी चालावे, धावावे, सायकल किंवा घोडा न्यावा म्हणून राखलेली वाट असते, आणि तिथला वाद सुट्टीवर आलेल्या एका माणसाचा सुट्टीवर आलेल्या दुसऱ्या माणसाशी असतो. तरीही त्यांनी त्यावर बारकाईने विचार केला आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी विजेच्या सायकलींचे तीन वर्ग केले आहेत, आणि कॅलिफोर्नियाने ते २०१५ मध्ये कायद्यात आणले: पहिल्या वर्गात पायडल मारत असतानाच मोटर साथ देते आणि ताशी ३२ किलोमीटरला सोडते, दुसऱ्यात तेवढ्याच वेगापर्यंत पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवरही, म्हणजे हातानेच वेग देऊन, गाडी जाते, तिसऱ्यात पायडलसोबतची साथ ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मिळते. डोंगरातल्या सामायिक वाटांवर जिथे विजेच्या सायकलींना परवानगी मिळते तिथे ती बहुधा पहिल्या वर्गालाच मिळते, आणि राष्ट्रीय वने सांभाळणारी त्यांची वनसेवा तर कोणत्याही वर्गाची विजेची सायकल मोटार वाहनातच धरते. आपल्याकडे लळिंगच्या बाजूची वाट ही कोणीतरी रोज कामाला जाण्याची वाट असते. मी तिथे हवा खायला जातो; समोरून येणारी बाई सकाळपासून उन्हात सरपण गोळा करून परतत असते. वाटेवर आधी हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे माझ्यापुरता सुटलेलाच आहे, आणि गाडीची परीक्षा मी याच कसोटीवर केली.

आता मुख्य दोषाकडे येतो. माझ्या गाडीत पायडलच्या आसाजवळ चुंबके बसवलेली एक प्लॅस्टिकची चकती आहे. पायडल फिरले की ती चुंबके एका छोट्या सेन्सरसमोरून जातात, सेन्सर ती मोजतो आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरची वीज सांभाळणारा भाग, मोटर सुरू करतो. पायडल फिरते आहे की नाही एवढेच या यंत्रणेला कळते. तुम्ही त्यावर किती जोर देत आहात हे तिला कळत नाही. त्यातून दोन गोष्टी घडतात. पहिली ही की, तिसऱ्या पायरीवर असताना पायडल अर्धा फेरा फिरले की मोटर एकदम तिसऱ्या पायरीची ताकद देते, मग तुम्ही नुसता पाय टेकवून उभे असाल तरीही. दुसरी अधिक त्रासाची आहे: पायडल थांबवल्यावर पुढचे चुंबक आले नाही याची खात्री होईपर्यंत कंट्रोलर वाट पाहतो आणि तेवढा वेळ मोटर ढकलत राहते. हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. ताशी बारा किलोमीटर वेगाने जाताना अर्ध्या सेकंदात गाडी दीड मीटरहून जास्त पुढे जाते, म्हणजे जवळपास एका माणसाची उंची.

हे मला कागदावर वाचून कळले नाही. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी मी लळिंगच्या पायथ्याशी एका बोळीसारख्या चढाच्या वाटेने येत होतो. दोन्ही बाजूंना बोरीबाभळी होत्या आणि वळणापलीकडे काय आहे ते दिसत नव्हते. चाळीस वर्षे साधी सायकल चालवलेल्या माणसाच्या पायांना एक सवय असते: चढावर पायडल थांबवले की सायकल आपोआप मंदावते, तिथे ब्रेक लागत नाही. वळणावर शेळ्यांचा आवाज आला म्हणून मी पायडल थांबवले आणि गाडी मंदावेल या भरवशावर राहिलो. ती मंदावली नाही. मी ब्रेक दाबला तेव्हा पुढचे चाक एका करडाच्या पोटाला टेकले होते. करडू ओरडून बाजूला उडी मारून गेले, त्याला काही झाले नाही, पण कळप पांगला आणि तो गोळा करायला म्हाताऱ्या बाबांना अर्धा तास लागला. मीही त्यांच्यासोबत काट्यांतून फिरलो. त्यांनी मला शिवी दिली नाही, हे मला शिवीपेक्षा जास्त लागले. निघताना ते एवढेच म्हणाले, "भाऊ, तुमनी गाडी गुपचूप येस, म्हनीसन ढोरं बुजतस."

त्यांनी दाखवलेला दोष माझ्या ध्यानातही आला नव्हता. मोटरसायकल लांबून ऐकू येते आणि जनावर आधीच कान टवकारते. साधी सायकल चढावर इतकी हळू असते की चालवणाऱ्याचे धापा टाकणेही ऐकू जाते. विजेची सायकल मात्र चढावरही चालत्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने आणि जवळपास आवाज न करता येते, आणि पाठमोऱ्या माणसाला ती शेजारी आल्यावरच कळते. कंपनीने दिलेली घंटी टिणकन एकदा वाजते, आणि जनावरांना तिचा अर्थ लागत नाही. मी शेवटी धुळ्याच्या बाजारातून, पोळ्याच्या आधी बैलांचे साज लागतात त्या दुकानातून, एक मधल्या आकाराचे घुंगरू आणले आणि हँडलखाली सुतळीने बांधले. खडबडीत वाटेवर ते सतत वाजते, पक्क्या रस्त्यावर जवळजवळ गप्प राहते. गुरांना तो आवाज जन्मापासून ओळखीचा असल्यामुळे ती मान वर करून पाहतात आणि पुन्हा चरू लागतात. नकाणे रस्त्यावर फिरायला येणारे माझे एक सेवानिवृत्त स्नेही या घुंगरावरून मला ‘बैलगाडीवाले’ म्हणतात, ते मी चालवून घेतो. सगळ्या गाडीत मी केलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल हाच आहे. त्याला चाळीस रुपये लागले.

मोटरच्या ढकलण्यावर पूर्ण इलाज नाही, पण थोडा आहे. ब्रेकच्या दांडीत एक छोटा स्विच असतो आणि दांडी ओढली की मोटरचा प्रवाह तुटतो. माझ्या गाडीत हा स्विच ब्रेक लागल्यानंतर चालू होत होता, म्हणजे उपयोगाच्या क्षणी उशिरा. आग्रा रोडवरच्या सायकल मिस्त्रीने तारेचा ताण थोडा सैल करून असे जुळवून दिले की दांडी सुताएवढी हलली की मोटर तुटते आणि ब्रेकचे पॅड त्यानंतर चाकाच्या चकतीला लागतात. आता वस्ती, वळण किंवा जनावरे दिसली की मी दोन बोटे दांडीवर ठेवतो, साथ पहिल्या पायरीवर आणतो आणि थांबून वाट देताना डिस्प्लेवरची साथ पूर्ण शून्य करतो, म्हणजे पाय चुकून पायडलवर पडला तरी गाडी उसळत नाही. उजव्या मुठीजवळचे थ्रॉटल मी पहिल्याच महिन्यात मिस्त्रीकडून सोडवून घेतले. पायडल न मारता मोटरसायकलीसारखी जाणारी गाडी पाऊलवाटेवर आणायची असेल तर मग मोटरसायकलच का नको, याला माझ्याकडे उत्तर नव्हते. एक सोय मात्र मनापासून आवडली: बटण दाबून धरले की गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, ताशी सहा किलोमीटरच्या आत, स्वतःहून चढते. दगडगोट्यांच्या चढावर २३ किलोचे धूड ढकलत नेणे माझ्या गुडघ्यांना झेपले नसते, आणि गर्दीच्या ठिकाणी खाली उतरून चालताना लाजही वाटत नाही.

वाटेची झीज हा आणखी एक आक्षेप ऐकू येतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील माउंटन सायकलस्वारांच्या एका संघटनेने केलेल्या छोट्या चाचणीत पहिल्या वर्गाच्या विजेच्या सायकलीने आणि साध्या माउंटन सायकलीने हलवलेल्या मातीत फारसा फरक आढळला नाही. मोटरसायकलीने मात्र कितीतरी जास्त माती उकरली. माझा अनुभव याच्याशी जुळतो, एक अपवाद सोडून. पावसाळ्यात आपली काळी माती ओली झाली की कोणत्याही सायकलीचे काम संपते: पंधरा-वीस फेऱ्यांत चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखल गच्च बसतो. साध्या सायकलीवर पाय हार मानतात. इथे मोटर हार मानत नाही, चाक जागच्या जागी फिरवते आणि वाटेत घळ पाडते. जुलै ते सप्टेंबर मी पाऊलवाटा पूर्ण सोडल्या. ज्या बाईला दुसऱ्या दिवशी त्या घळीतून मोळी घेऊन जायचे आहे तिच्यासाठी एवढे करणे अवघड नाही.

डिसेंबरमध्ये तोरणमाळला गेलो तेव्हा गाडीची दुसरी बाजू दिसली. शहाद्याहून पुढे सातपुडा सुरू होतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीच्या त्या पठारावर पोहोचण्यासाठी सातपायरी घाट चढावा लागतो. हिशेब सोपा आहे. मी आणि गाडी मिळून ९६ किलो. दहा टक्के चढावर ताशी दहा किलोमीटरने जायला, चाकांचे घर्षण धरून, पावणेतीनशे ते तीनशे वॅट लागतात. मोटर २५० वॅटची म्हणतात, पण हबमधली मोटर हळू फिरताना निम्मीअधिक वीज उष्णतेत घालवू लागते, कारण तिला गिअरचा फायदा मिळत नाही. ती थेट चाकच फिरवते. घाटाच्या मध्यावर मी उतरून हबला हात लावला आणि लगेच काढून घेतला. वीस मिनिटे सावलीत थांबून, पाणी पिऊन, मग पुढे निघालो. बॅटरीचा हिशेबही त्याच अंगाने जातो: हे ९६ किलो ५०० मीटर वर उचलायलाच नुसते १३० वॅट-तास लागतात, आणि मोटर-कंट्रोलरमधली गळती धरली तर त्याहून बरेच जास्त. डिस्प्लेवर लिहून येणारे ‘६० किलोमीटर’ हे सपाट रस्त्याचे, पहिल्या पायरीचे आणि बहुधा हडकुळ्या माणसाचे असावेत. मला घाटात बावीस मिळाले.

माझ्यासोबत पुण्याहून आलेला भाचा होता आणि त्याच्याकडे माझ्या गाडीच्या सहापट किमतीची गाडी होती. तिची मोटर पायडलच्या जागी, मधोमध बसवलेली आहे, त्यामुळे ती साखळीतून आणि गिअरमधून जोर लावते आणि चढावर मोठ्या दातऱ्यावर घेतले की निवांत फिरते. पण मला हेवा वाटला तो त्या ताकदीचा नाही. पठारावर यशवंत तलावाच्या काठाने आम्ही गाड्यांची अदलाबदल केली. रविवार होता, मुले पळत होती, मक्याची कणसे भाजणारे बसले होते, लोक पाठमोरे उभे राहून फोटो काढत होते. त्या गाडीत पायडलवरचा जोर मोजणारा सेन्सर आहे. मी पाय हलका केला की मोटर हलकी होत होती, मी थांबलो की ती थांबत होती, आणि दहा मिनिटांत मी मोटर आहे हे विसरून गेलो. एक लहान मुलगी चेंडूमागे अचानक समोर आली तेव्हा माझ्या पायांनी जे केले तेच गाडीने केले. लळिंगला हीच गाडी असती तर ते करडू ओरडले नसते. अडीच लाख रुपये मी सायकलीवर घालणार नाही, घरात ते बोलूही शकणार नाही. परंतु जोर मोजणारा सेन्सर हबच्या मोटरसोबतही बसवता येतो आणि तसा तो काही मध्यम किमतीच्या गाड्यांत येतोही. मी पुन्हा घेईन तर बॅटरी लहान चालेल, शॉकअप साधा चालेल, पण सेन्सर तोच घेईन.

इथल्या हवामानाविषयी थोडे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लिथियमच्या बॅटऱ्या साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे उत्पादकच सांगतात. उन्हातून आलेली बॅटरी त्याहून गरम असते. मी ती काढून घरात माठाजवळच्या फरशीवर दोन तास ठेवतो आणि रात्री दहानंतर चार्जिंगला लावतो. काट्यांचे सांगायला हवे: बाभळीचा काटा आणि सराटा या दोघांनी मला पहिल्या दोन महिन्यांत नऊ पंक्चर दिले. मोटर असलेले मागचे चाक काढायला वायरचा जोड सोडवावा लागतो, पाना जड लागतो, आणि सामान्य पंक्चरवाला त्याला हात लावायला कचरतो. ट्यूबमध्ये पंक्चर भरणारे द्रव आणि टायरच्या आत जाड पट्टी टाकल्यापासून सात महिन्यांत दोनच झाले. कंपनीने ही पट्टी खानदेशात विकल्या जाणाऱ्या गाडीत आधीच का घालू नये, कोण जाणे.

सेवेविषयी लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो. ऑगस्टमध्ये डिस्प्लेत पाणी शिरून तो धुरकट झाला आणि पायऱ्या आपोआप बदलू लागल्या. दुसरीवरून पाचवीवर गेलेली गाडी चालत्या लोकांमध्ये काय करील याची कल्पना करावी. वॉरंटी चालू होती. दुकानाने कंपनीकडे, कंपनीने नाशिकच्या केंद्राकडे आणि केंद्राने पुन्हा दुकानाकडे बोट दाखवले. डिस्प्ले पाच आठवड्यांनी आला. डिसेंबरनंतर बॅटरी निम्म्यावर आली की एकदम बंद पडू लागली, तिची तक्रार मात्र अजून तशीच आहे, कारण ती तपासायला पाठवा असे ते सांगतात आणि लिथियमची बॅटरी असे ऐकल्यावर इथले दोन पार्सलवाले ती घ्यायलाच तयार झाले नाहीत. धुळे, जळगाव किंवा नंदुरबारमध्ये गाडी घेणाऱ्याने आपल्या गावात कंट्रोलर आणि डिस्प्ले हातात मिळतो का, एवढे किमतीआधी विचारावे.

अभयारण्यांचा प्रश्न काही वाचक विचारतील म्हणून लिहितो. पाल-यावलचा भाग असो वा पाटणादेवीकडचे गौताळा, अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असतो आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही. गाडीला नंबर प्लेट नाही म्हणून तिला जंगलात मोकळीक आहे, असा गैरसमज दुकानातूनच पसरवला जातो. लळिंगला मी आधी वनरक्षकाला विचारले आणि त्याने ज्या वाटा सांगितल्या त्यांवरच जातो.

पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, पण डोंगराकडे जायची हौस न सुटलेल्या माणसाने ही गाडी घ्यावी का, असे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारते. मी त्याला दुकानातच एक चाचणी करायला सांगतो. बहुतेक दुकानांच्या पुढे गाड्या चढवायला लाद्यांचा उतार असतो. त्यावर साथ तिसऱ्या पायरीवर ठेवून चालत्या माणसाच्या वेगाने वर चढावे, मध्येच पायडल थांबवावे, ब्रेकला हात लावू नये आणि त्यानंतर चाक किती लाद्या चढते ते सोबतच्या माणसाला मोजायला सांगावे. साधी सायकल एखादी लादी चढून थांबते. मी माझी गाडी घेतली त्या दिवशी मोजले नव्हते. परवा भाच्याला उभे करून मोजले. चार लाद्या निघाल्या, आणि पाचवीवर दुकानदाराची खुर्ची होती.